अंधांच्या फुटबॉलातील डोळस गडी

अंधांनी फुटबॉल खेळावा ही कल्पनाच प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. आणि त्या खेळात प्रत्येक बाजूस एक गडी डोळस असतो असे सांगितले, म्हणजे ऐकणारा लगेच विचारतो, "मग तो खेळ अंधांचा कसा?" हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारलेला आहे, विचारणारे सुशिक्षित होते आणि त्यांच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. खेळणाऱ्या पाचांपैकी चौघांच्या डोळ्यांवर पट्टी आणि पाचवा उघड्या डोळ्यांनी गोलात उभा, हे ऐकल्यावर मनात शंका यावी हे स्वाभाविकच होय. तो पाचवा गडी म्हणजे गोलरक्षक, आपल्या पोरांच्या भाषेत गोली. त्याच्या कामगिरीचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही, म्हणून आज तोच आपणापुढे मांडावा असे योजिले आहे.

प्रथम खेळाची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचे काही उमगावयाचे नाही. मैदान सुमारे ४० मीटर लांब व २० मीटर रुंद, म्हणजे नेहमीच्या फुटबॉल मैदानाच्या मानाने अगदीच आटोपशीर असते. दोन्ही लांब कडांना कमरेइतक्या किंवा किंचित अधिक उंचीच्या फळ्या उभ्या केलेल्या असतात. चेंडू बाहेर जात नाही, फळीवर आपटून परत येतो, आणि खेळणाऱ्यास फळीच्या स्पर्शाने व आवाजाने आपण कोठे आहो ते कळते. चेंडूच्या पोटात खुळखुळे बसविलेले असतात. त्याचा घेर ६० ते ६२ सेंटिमीटर व वजन ५१० ते ५४० ग्रॅम असते. म्हणजे तो नेहमीच्या चेंडूपेक्षा लहान, परंतु जड, आणि कमी उसळणारा. मैदानातील चारही गडी पूर्ण अंध असतात. तरीही कोणाच्या डोळ्यांस उजेडाचा कवडसा जाणवत असल्यास त्याचा लाभ त्याला मिळू नये म्हणून सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. चेंडू हिसकावून घेण्यास जो पुढे सरसावतो त्याने "वॉय" असे मोठ्याने म्हटलेच पाहिजे. हा स्पॅनिश शब्द आहे. त्याचा अर्थ 'मी जातो'. तो न उच्चारता अंगावर जाणे हा नियमभंग ठरतो. ह्याचे कारण उघड आहे. दोन धावणाऱ्या अंध माणसांची टक्कर टाळावयाची तर एकाने तरी आपण येत आहो हे सांगितले पाहिजे.

आणि प्रेक्षकांनी गप्प बसावयाचे! चेंडू खेळात असेपर्यंत टाळी नाही, शीळ नाही, ओरडा नाही. गोल झाला म्हणजे मात्र दाबून ठेवलेला सगळा आवाज एकदम उसळतो. आपल्याकडील सामन्यांची ज्यांना सवय आहे त्यांना हे मौन फार जड जाईल. परंतु श्रोतेहो, आपणांस ह्या खेळाचे मर्म इतरांपेक्षा लवकर कळावे. बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन ऐकत ज्यांनी घरबसल्या क्रिकेटचे सामने 'पाहिले', त्यांनी काय केले होते? डोळ्यांपुढे काहीच नसताना एका माणसाच्या शब्दांवरून त्यांनी मैदान उभे केले, क्षेत्ररक्षक जागोजाग ठेवले, चेंडू सीमेपार जाताना पाहिला. अंध खेळाडू हेच करतो. फरक इतकाच की त्याला त्या मैदानात धावावेही लागते.

ज्याच्या शब्दांवर तो धावतो त्या माणसांपैकी पहिला म्हणजे गोलरक्षक. मैदानाचे लांबीत तीन भाग मानलेले आहेत. आपल्या गोलाजवळच्या भागात संघाला सूचना देण्याचा अधिकार गोलरक्षकाचा, मधल्या भागात शिक्षकाचा, आणि प्रतिपक्षाच्या गोलाजवळच्या भागात वाटाड्याचा. हा वाटाड्या प्रतिपक्षाच्या गोलामागे उभा राहतो व आपल्या गड्यांना गोल कोठे आहे ते सांगतो. पेनल्टीच्या वेळी तो गोलाचे दोन्ही खांब एखाद्या वस्तूने ठोकून दाखवितो, म्हणजे मारणाऱ्यास मधली जागा अजमावता येते.

आता गोलरक्षकाची स्थिती पाहा. त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, शत्रुपक्षाचा माणूस उभा राहून "मार, मार" म्हणून ओरडत आहे. समोर त्याचे स्वतःचे गडी त्याच्या शब्दाची वाट पाहत आहेत. आणि त्याने जे काही मोठ्याने सांगावे ते मित्रांप्रमाणे शत्रूच्या कानीही पडत आहे. ब्राझील व अर्जेंटिना ह्यांची गाठ पडली की पोर्तुगीज व स्पॅनिश ह्या बहिणी-बहिणी भाषांमुळे ही अडचण अधिकच वाढते. शिवाय त्याला आपल्या चौकटीबाहेर पाऊल टाकावयाची मुभा नाही. ही चौकट पूर्वी ५ मीटर रुंद व २ मीटर खोल होती. पुढे गोल मोठे झाले तेव्हा ती थोडीशीच रुंदावली. तिच्याबाहेर जाऊन त्याने चेंडू अडविला की पेनल्टी. प्रतिपक्षाचा गडी चेंडू घेऊन वाटेत अडखळला आहे, चेंडू तीन मीटरांवर स्वस्थ पडला आहे, पडून राहिल्यामुळे त्याचा खुळखुळाही बंद आहे, आपल्या कोणाही गड्यास तो कोठे आहे हे ठाऊक नाही. आणि ज्या एकट्याला तो दिसतो आहे त्याने जागेवरून हलावयाचे नाही! त्याच्यापाशी फक्त तोंड आहे. ते त्याने कसे वापरावे ह्यातच त्याचे सारे कौशल्य.

मघाच्या शंकेचे उत्तर ह्या चौकटीत आहे असे मला वाटते. खेळाचे नियम करणाऱ्यांनी डोळस माणसाला आत घेतले, पण त्याला बांधून घेतले. एवढेच करून ते थांबले नाहीत. नेहमीच्या फुटबॉलात नोंदलेला खेळाडू थेट येथे येऊन उभा राहू नये म्हणून मधली पाच वर्षे तो तिकडे नोंदलेला नसावा असाही दंडक आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी घालण्यात आला. ह्याचा अर्थ असा की, जो तरुण अंधांच्या संघाचा गोल राखावयास येतो त्याला दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाहीत. इकडे यावयाचे तर तिकडची आशा सोडून यावयाचे.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. कसलेला गोलरक्षक पेनल्टीच्या वेळी मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहतो. नजर कोणत्या कोपऱ्याकडे चोरून गेली ह्यावरून तो अंदाज बांधतो. येथे मारणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी! नजर नाही, म्हणून नजरेची चुगलीही नाही. अंतर थोडे, चेंडू जड, आणि मारणारा असा की पाय चेंडूला लागेपर्यंत त्याच्या मुद्रेवर काहीच उमटत नाही. डोळस असूनही गोलरक्षकाला येथे नवी विद्या शिकावी लागते. कंबर, खांदा, टेकविलेल्या पायाचा रोख वाचावा लागतो. डोळस गोलरक्षकापुढे अंध गड्यांचे काय चालणार असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

मी राहतो त्या मनोरी गावी मार्वेहून खाडी ओलांडून यावे लागते. वस्ती कोळ्यांची व ईस्ट इंडियन मंडळींची; फुटबॉल येथील मुलांच्या पायी आपोआप येतो. निवृत्तीनंतर रिकामा वेळ पुष्कळ, म्हणून गेल्या हिवाळ्यात काही मुलांना गोळा करून मी एक प्रयोग करून पाहिला. चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, म्हणजे तो चालताना खसखस वाजतो. मुलांच्या डोळ्यांवर पंचे बांधले आणि एका धिप्पाड पोराला गोलात उभे केले. पहिल्या दहा मिनिटांत नुसता गोंधळ झाला. गोलातला पोरगा मोकळेपणाने ओरडत होता, "अरे तुझ्या डावीकडे आहे बघ तो, मागे वळ ना," आणि हे वाक्य पुरे होईतो चेंडू दुसरीकडे पोहोचलेला असे. तिसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा मुलगा आला. हा बापाबरोबर होडीवर जाणारा. त्याने दोन-तीन अक्षरांचेच शब्द काढले: डावा, उजवा, मागे, थांब, मार. होडीवर तांडेल बोलतो तसे तोकडे, स्वच्छ, आणि ज्याला उद्देशून ते आहेत त्याचे नाव आधी. खेळ एकदम लागी लागला. पट्टी बांधलेल्यांतील एकजण मला नंतर म्हणाला, "मास्तर, त्याचा आवाज आला की भीती जाते." त्या मुलांची अंधत्वाशी ओळख अर्ध्या तासापुरतीच होती हे मी विसरत नाही. ज्यांना पट्टी सोडून घरी जावयाचे नाही त्यांची गोष्ट निराळी.

त्यांच्या गोष्टीचा आरंभ पॅरिसमध्ये करावा लागतो. सन १८२४ च्या सुमारास पॅरिसच्या अंधशाळेतील लुई ब्रेल ह्या पंधरा वर्षांच्या अंध विद्यार्थ्याने उठावाच्या ठिपक्यांची लिपी सिद्ध केली, ही हकीकत आपणांपैकी बहुतेकांस माहीत असेल. परंतु त्याच शाळेत पुढे ब्राझील देशातून जोझे आल्वारेस दि आझेवेदो नावाचा एक जन्मांध मुलगा शिकावयास गेला, हे थोड्यांस ठाऊक असते. तो ब्रेल लिपी घेऊन स्वदेशी परतला आणि अंधांसाठी शाळा काढावी म्हणून त्याने थेट सम्राट दुसरा पेद्रो ह्याच्यापर्यंत धडक मारली. सन १८५४ मध्ये रिओ दि जानेरो येथे ती शाळा उघडली. दुर्दैव असे की, उघडण्याच्या काही महिने आधीच तो तरुण वारला. हीच संस्था पुढे बेंजामिन कॉन्स्टन्ट ह्या नावाने प्रसिद्धीस आली.

आपल्याकडे ही विद्या त्यानंतर तेहेतीस वर्षांनी आली. १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प ह्या बाईंनी हिंदुस्थानातील पहिली अंधशाळा काढली. मुंबईत १९०० साली, मोठ्या दुष्काळाने पोरक्या झालेल्या अंध मुलांसाठी, अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड ह्यांनी शाळा सुरू केली. तीच आज दादरची अंधशाळा म्हणून चालू आहे. दोनच वर्षांनी, १९०२ मध्ये, ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. राष्ट्रीय अंध संघ, ज्याला आपण 'नॅब' म्हणून ओळखतो, तोही १९५२ साली ह्याच नगरीत स्थापन झाला. म्हणजे अंधशिक्षणाच्या बाबतीत मुंबई मागे होती असे मुळीच म्हणता येणार नाही. शाळांनी मुलांना ब्रेल शिकविली, गायनवादन शिकविले, वेताच्या खुर्च्या विणावयास शिकविले, आणि पुष्कळांना स्वतःच्या पायांवर उभे केले. पायांवर उभे केले हे खरे. पण त्या पायांना धावावयास सांगण्याचे धाडस आपल्या समाजाला बराच काळ झाले नाही. आमच्याकडे अंध मुलाला जपण्याची रीत अशी की त्याला एका जागी बसवून ठेवावयाचे. आई त्याला उंबरठ्याच्या आत ठेवते ती प्रेमानेच, आणि त्या प्रेमानेच त्याचे पाय दुबळे होतात.

ब्राझीलच्या मुलांनी मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही असे दिसते. त्या देशात फुटबॉल हा खेळ कमी व धर्म अधिक. डोळे नाहीत म्हणून त्यापासून दूर राहावे हे तेथल्या अंध मुलांस रुचेना. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील अंधशाळांच्या आवारांत मुले रिकामे डबे लाथाडीत, चेंडूभोवती पिशव्या गुंडाळून खेळत, असे सांगतात. स्पेनमध्येही ह्या खेळाची परंपरा जुनी आहे. परंतु दर शाळेचा नियम निराळा, चेंडू निराळा. दोन शाळांची गाठ पडावयाची तर आधी तहाची कलमे ठरवावी लागत. अंध खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना १९८१ साली, योगायोगाने पुन्हा पॅरिसमध्येच, स्थापन झाली. आणि १९९० नंतरच्या दशकात ह्या फुटबॉलास एकच नियमावली मिळाली. १९९८ साली ब्राझीलमधील कांपिनास येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती ब्राझीलने जिंकली. २००० सालची जेरेझची स्पर्धाही त्यांचीच. त्यानंतरच्या दोन, २००२ व २००६ च्या, अर्जेंटिनाने घेतल्या. ह्या दोन शेजाऱ्यांचे वैर डोळसांच्या फुटबॉलात जसे जगप्रसिद्ध तसेच ते इकडेही उतरले आहे.

२००४ साली अथेन्स येथील पॅरालिंपिकमध्ये ह्या खेळास प्रथम स्थान मिळाले. पॅरालिंपिक म्हणजे अपंग खेळाडूंचे ऑलिंपिक. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर ह्यांनी १९७२ साली पोहण्यात सुवर्णपदक मिळविले ते ह्याच उत्सवात. अथेन्सला सहा संघ आले होते. अंतिम सामना ब्राझील व अर्जेंटिना ह्यांच्यात झाला व एकही गोल न होता संपला. मग पेनल्टींवर निकाल लागला: ब्राझील ३, अर्जेंटिना २. त्या विजयी संघात जे दोन गोलरक्षक होते त्यांतील एकाचे नाव फाबिओ वास्कोन्सेलोस.

हा गृहस्थ ब्राझीलच्या ईशान्येकडील पाराइबा प्रांताचा. नेहमीच्या फुटबॉलात ज्या देशाने जगाला मोहून टाकले, त्या देशात गोलरक्षकाला तसाही मान थोडा. गोल करणाऱ्याची चित्रे भिंतीवर, गोल वाचविणाऱ्याची हकीकत कोणी विचारीत नाही. त्यातून हा अंधांच्या संघाचा गोलरक्षक! परंतु त्याने ते काम वर्षानुवर्षे केले. २००८ साली पेकिंगला ब्राझीलची गाठ अंतिम सामन्यात यजमान चीनशी पडली आणि ब्राझीलने २-१ असा विजय मिळविला. फाबिओ त्या संघात होता. २०१२ साली लंडनला उपांत्य सामन्यात पुन्हा अर्जेंटिना, पुन्हा बरोबरी, पुन्हा पेनल्टी, पुन्हा ब्राझील; आणि अंतिम सामन्यात फ्रान्सवर २-० अशी मात. फाबिओ तेथेही होता. तीन पॅरालिंपिक, तीन सुवर्णपदके.

ह्यापुढील भाग मला अधिक मोलाचा वाटतो. हातमोजे उतरविल्यावर तो घरी गेला नाही, त्याच संघाचा शिक्षक झाला. २०१६ साली रिओ येथे, म्हणजे आझेवेदोने जेथे अंधांची पहिली शाळा मागितली त्याच नगरात, ब्राझीलने इराणला १-० असे हरविले. गोल रिकार्दिन्योचा, आणि मधल्या भागातून सूचना देणारा आवाज फाबिओचा. जो आवाज पूर्वी गोलातून येत होता तो आता मैदानाच्या बाजूने येऊ लागला, एवढेच अंतर पडले. महासाथीमुळे एक वर्ष लांबलेल्या टोकियोच्या पॅरालिंपिकात, २०२१ साली, त्याने शिकविलेल्या संघाने अर्जेंटिनाला १-० असे हरवून सलग पाचवे सुवर्णपदक घेतले. पाचांपैकी तीन वेळां हा माणूस गोलरक्षक होता व दोन वेळां शिक्षक. एका खेळातील एका देशाच्या साऱ्या वैभवाशी इतका अखंड संबंध आलेला माणूस शोधून सापडणे कठीण. आणि तो डोळस असल्यामुळेच की काय, त्याचे नाव अंध खेळाडूंच्या कौतुकाच्या लेखांत एखाद्या ओळीपुरतेच येते. त्याच्या वेळचा मिझाएल कॉन्रादो हा अंध गडी पुढे ब्राझीलच्या पॅरालिंपिक समितीचा अध्यक्ष झाला. त्याची कीर्ती योग्यच आहे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, त्याच्या पाठीमागे उभे राहून ज्यांनी त्याला वाट सांगितली त्यांचीही गणना व्हावी.

टोकियोला ब्राझीलच्या गोलात लुआन नावाचा तरुण होता. चीन, जपान, फ्रान्स, मोरोक्को व शेवटी अर्जेंटिना असे पाच सामने झाले आणि त्या पाचांत ब्राझीलवर एकही गोल झाला नाही. अंतिम सामन्यातील एकुलता एक गोल नोनातोने केला व दुसऱ्या दिवशी जगभर त्याचे छायाचित्र गेले. हिशेबाच्या वहीत मात्र लुआनची बाजू पाहण्यासारखी आहे: पाच सामने, शून्य.

पदकांसंबंधी एक वाद होता, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. अंध धावपटूबरोबर दोरीने हात बांधून जो डोळस साथी धावतो, त्याला पुष्कळ वर्षे पदक मिळत नसे. शर्यत त्यानेही धावावयाची, घाम त्यानेही गाळावयाचा, आणि व्यासपीठाशी पोहोचल्यावर बाजूस व्हावयाचे. फुटबॉलच्या गोलरक्षकाच्या बाबतीत असे झाले नाही. तो संघाचा गडी म्हणून नोंदलेला असतो व त्याच्या गळ्यात तेच पदक पडते. काहींना हे खटकते. अपंगांच्या उत्सवात धडधाकट माणसाने पदक का घ्यावे, असे ते म्हणतात. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. दया दाखविण्यास येऊन मान घेऊन जाणारे लोक समाजात थोडे नाहीत, आणि अंध माणसाला त्यांचा अनुभव आपल्यापेक्षा अधिक. परंतु गोलरक्षक दया दाखवीत नाही. त्याने गोल सोडला तर चौघांचे श्रम वाया जातात व ते चौघे त्याला बोल लावतात, आणि त्यांनी तो लावावाच. जेथे अंधाने डोळसाला जाब विचारावा अशी जागा ह्या जगात फार थोड्या ठिकाणी आहे. माझ्या मते पदकाचा अधिकार तेथून येतो.

२०२४ साली ह्या इतिहासाने एक वळण घेतले. स्पर्धा पॅरिसला, मैदान आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी, आणि ब्रेलच्या लिपीला नेमकी दोनशे वर्षे होत होती. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने ब्राझीलला पेनल्टींवर हरविले. अथेन्सपासून चालत आलेली विजयाची मालिका तेथे तुटली. अंतिम सामन्यात अर्जेंटिनासमोर यजमान फ्रान्स होता. हाच फ्रान्स तीन वर्षांपूर्वी टोकियोला ब्राझीलकडून चार गोलांनी हरला होता, तेव्हा त्याची कोणी फारशी आशा धरलेली नव्हती. सामना १-१ असा बरोबरीत सुटला व पुन्हा पेनल्टींची पाळी आली. फ्रान्सच्या गोलात आलेसान्द्रो बार्तोलोमुच्ची. भोवती हजारो लोक, आणि त्या हजारोंनी श्वास रोखलेला. मागे खांब ठोकल्याचा ठणठण आवाज. समोर पट्टी बांधलेला, नजर नसलेला शत्रू. फ्रान्सने ३-२ अशी बाजी मारली. निर्णायक चेंडू कप्तान फ्रेदेरिक विल्रू ह्याने जाळ्यात घातला, सामन्यातील फ्रान्सचा गोलही त्याचाच; म्हणून नाव त्याचे झाले. परंतु पेनल्टींच्या झुंजीत एका बाजूने मारणाऱ्याने जिंकावयाचे असते तसे दुसऱ्या बाजूने अडविणाऱ्याने राखावयाचे असते, हे साधे गणित आहे.

आता आपल्या देशाविषयी. हिंदुस्थानात ह्या खेळाचे बीज केरळात रुजले. कोची येथे केंद्र असलेली भारतीय अंध फुटबॉल संघटना २०१६ साली उभी राहिली. २०२२ च्या नोव्हेंबरात आशिया व ओशियानिया खंडांची स्पर्धा कोचीलाच भरविण्यात आली. आणि विशेष आनंदाची गोष्ट अशी की, २०२३ साली बर्मिंगहॅमला अंध स्त्रियांची पहिलीच जागतिक स्पर्धा झाली तीत भारताच्या मुली खेळल्या. पहिले विजेतेपद अर्जेंटिनाच्या मुलींनी घेतले. आपल्या मुलींनी तेथे पाऊल टाकले हेच, उंबरठ्याची गोष्ट मी मघाशी सांगितली ती आठवता, थोडे नाही.

मुलींच्या संघातही गोलरक्षिका डोळस असते, आणि येथेच आपली मोठी अडचण आहे. अंध खेळाडू मिळविण्यास अंधशाळा आहेत. डोळस गोलरक्षक कोठून आणावयाचा? ज्याला फुटबॉल उत्तम येतो त्याला आपल्या क्लबाची, चषकांची, कूपरेजच्या मैदानाची ओढ असते. १८९१ साली रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले तेव्हापासून मुंबईने फुटबॉलवर प्रेम केले. ते प्रेम सोडून पाच वर्षे वेगळ्याच मैदानावर घालव, असे कोणाच्या मुलाला सांगावयाचे? बापाने मुलाला विचारावे, "ह्यातून काय मिळणार?" आणि मुलाने काय उत्तर द्यावे? नोकरीची शाश्वती नाही, नाव नाही, आणि पहिल्या दिवसापासून लोकांच्या तोंडी तोच प्रश्न की, खेळ अंधांचा असून तू त्यात कसा?

ज्यांना ह्या कामाची हौस वाटते त्यांनी आरंभ कसा करावा हे मात्र सांगता येईल, आणि त्यास पैसा लागत नाही. आपल्या जवळच्या अंधशाळेत संध्याकाळी जावे. खुळखुळ्याचा चेंडू मिळेतो पिशवीत गुंडाळलेला चेंडू न्यावा. जमीन सपाट असावी, भोवती दगड नसावेत. प्रथम गोलात उभे राहू नये, मुलांबरोबर पट्टी बांधून चार-आठ दिवस स्वतः खेळावे, म्हणजे आपल्या मराठीतील कोणता शब्द पळत्या माणसाला उपयोगी पडतो व कोणता नुसता कानावरून जातो ते कळेल. 'इकडे' आणि 'तिकडे' हे दोन शब्द पहिल्याच दिवशी टाकून द्यावे. न पाहणाऱ्याला त्यांचा काहीही अर्थ नाही. मुलांची नावे पाठ करावी. चेंडू थांबला की तो कोणाच्या कोणत्या पायापासून किती पावलांवर आहे हे सांगण्याचा सराव करावा, आणि सांगताना आवाज चढवू नये. घाबरलेला आवाज अंध मुलाला डोळसापेक्षा आधी ओळखू येतो. ह्यानंतर गोलात उभे राहावे, आणि मुलांना जोराने मारू द्यावे.